देवघेवीच्या टेबलामागून

मराठी माणूस वाचत नाही, ही तक्रार मराठी माणूस मोठ्या आवडीनं वाचतो. साहित्य संमेलनात तर या विषयावर परिसंवाद ठेवलेलाच असतो. आत मांडवात ऱ्हासाची चर्चा रंगते आणि बाहेर ग्रंथप्रदर्शनात लोक पिशव्या भरभरून पुस्तकं नेत असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींवरून सिद्ध काहीच होत नाही. संमेलनातला वाचक वर्षातून तीन दिवस दिसतो. एरवी त्याच्या हातात पुस्तक कुठून पडतं, कोण देतं, कधी देत नाही, हे पाहायचं तर वाचनालयात जायला हवं. हे पुस्तक त्या जागेविषयी आहे.

वाचनालय म्हटलं की कुणाला मुंबईच्या एशियाटिकच्या पायऱ्या आठवतील. माझ्या डोळ्यांपुढे येतं ते तालुक्याच्या गावातलं. खालचे दोन गाळे भाड्यानं दिलेले, एकात झेरॉक्सवाला. वर जायला अरुंद जिना, जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग. पहिल्या खोलीत तिरक्या फळीवर वर्तमानपत्रं, दुसरीत लोखंडी कपाटं, आणि दोन्हींच्या मध्ये देवघेवीचं टेबल. टेबलामागे ग्रंथपाल. अशा एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी बरीच वर्षं काढली आहेत. तेव्हा पुढची मतं तटस्थ आहेत असं समजून कुणी वाचू नयेत.

माझं म्हणणं असं की मोबाइलनं वाचनालय बुडवलं, हे कारण आपण सोयीचं म्हणून पुढे करतो. नवी माध्यमं पचवायची सवय या संस्थेला जन्मापासून आहे. तिचा जीव त्या टेबलामागच्या माणसात असतो, आणि त्या माणसाची आपण जी आबाळ केली तिचा आळ फोनवर घालून मोकळे झालो आहोत.

जन्मापासून म्हणतो त्याला कारण आहे. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ सालचं. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं ६ जानेवारी १८३२ रोजी. म्हणजे महाराष्ट्रात वाचनालय आधी आलं आणि मराठी वर्तमानपत्र मागाहून! त्या वेळी छापील मराठी पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी होती. कपाटं भरायची ती इंग्रजी पुस्तकांनीच, आणि ती वाचणारे म्हणजे साहेबलोक आणि त्यांच्या कचेऱ्यांतून इंग्रजी शिकलेले मूठभर एतद्देशीय. पुढे अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे आणि बेळगाव (१८४८), कोल्हापूर (१८५०), सोलापूर (१८५३) अशी वाचनालयं निघत गेली. तिकडे गोव्यात पोर्तुगीजांनी पणजीला १८३२ सालीच सार्वजनिक ग्रंथालय सुरू केलं होतं. आज पाटो भागातल्या नव्या इमारतीत कृष्णदास शामा यांच्या नावानं उभं असलेलं राज्य ग्रंथालय ते हेच.

छापील पुस्तक हेच तेव्हा नवं माध्यम होतं आणि त्याच्याविषयी आजच्या रीलइतकाच संशय होता. शाईत चरबी असते, मग छापलेल्या पोथीला सोवळ्यात हात कसा लावायचा, ही अडचण खरोखरची होती. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी त्यावर तोड काढली आणि तुपात शाई केली. १८३१ साली त्यांनी छापील पंचांग काढलं. लोकांना तोवर हस्तलिखित पंचांगाची सवय होती. नव्या तंत्रावरून वाद घालणाऱ्या कुणालाही मी ही तुपाची शाई आठवून पाहायला सांगतो. माणसं तंत्राला नुसती शरण जात नाहीत की नुसती विरोध करत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरात जे असेल ते घालून ती त्याला घरचं करून घेतात.

१८४८ या सालापाशी मात्र थोडं थांबायला हवं. त्या वर्षी पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकारानं ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली, तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. त्याच वर्षी, त्याच शहरात, भिडे वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. दोन ठिकाणांमध्ये चालत जाण्याइतकंच अंतर. एकीकडे ज्यांना वाचता येत होतं त्यांच्यासाठी पुस्तकांची सोय होत होती, दुसरीकडे ज्यांना अक्षराच्या जवळ येऊ दिलं नव्हतं त्यांच्यासाठी पाटी-पेन्सिलीची. आपण वाचनालयांचे इतिहास लिहितो तेव्हा पहिलीच गोष्ट सांगतो. वर्गणीदारांचं वाचनालय ही बराच काळ वर्गणी परवडणाऱ्यांची, आणि जातीनं वरच्यांची, बैठक होती, हे शताब्दीच्या स्मरणिकांत सापडत नाही. या पुस्तकातल्या काही लेखांनी तो भाग न चुकवता लिहिला आहे, आणि ते वाचून काही जुन्या संस्थांचे पदाधिकारी नाराज होतील. होऊ देत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाचनालयांचा हेतू पालटला. विनायक लक्ष्मण भाव्यांनी १८९३ साली ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, पाठोपाठ १८९८ मध्ये मुंबईचं निघालं. नेटिव्ह लायब्रऱ्यांना जगाच्या बातम्या हव्या होत्या. या दोन संस्थांना मराठीत छापलेलं सगळं एका छपराखाली हवं होतं. असं वेड लागल्याशिवाय पुढे शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ होत नाही. १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांची ती पहिली यादी करायची तर त्या पुस्तकांनी कुठेतरी कपाटात असायला हवं. दात्यांच्या चिकाटीबद्दल आपण बोलतो, ते योग्यच आहे. पण ज्यांनी ती पुस्तकं रद्दीत जाऊ दिली नाहीत त्या अनाम ग्रंथपालांचा उल्लेख कुठे होत नाही.

मराठवाड्यातली गोष्ट याहून वेगळी, आणि मला विचाराल तर अधिक महत्त्वाची. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी लागे आणि ती सहज मिळत नसे. शाळेचं माध्यम उर्दू. अशा वेळी मराठी वाचनालय ही चार माणसांनी एकत्र बसण्याची जागा होती. परभणीचं गणेश वाचनालय किंवा हैदराबादचं मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्याकडे नुसती पुस्तकांची कपाटं म्हणून पाहिलं तर त्या काळाचा निम्मा अर्थ हातून निसटतो. तिथे वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं जाई. एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ज्याला आज ऑडिओ बुक म्हणतात त्याची इतकी अपूर्वाई वाटायला नको, आपलं वाचन मुळात कानानंच सुरू झालं आहे.

बडोद्याचं उदाहरण दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केलं आणि लगेच पुढचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. शिकलेला पोरगा शाळेतून बाहेर पडल्यावर वाचणार काय? चार वर्षांत अक्षर विसरला तर केलेला खर्च पाण्यात. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डेन नावाचा ग्रंथपाल आणला. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालयं आणि जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तकं, अशी सगळी साखळी उभी राहिली. त्यात मला विशेष वाटतो तो क्रम. आधी शाळा, मग तिच्या पाठोपाठ वाचनालय. स्वतंत्र महाराष्ट्रात शाळा वाड्यावस्त्यांवर पोचल्या, वाचनालय मात्र ज्या गावात चार हौशी माणसं होती तिथेच पोचलं.

ते असं का झालं, याचं एक उत्तर कायद्यात आहे. कोल्हापूर संस्थाननं १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला १९६७ साली. मद्रास किंवा कर्नाटकच्या कायद्यांत ग्रंथालयासाठी उपकर आहे. घरपट्टीसोबत थोडे पैसे वाचनालयासाठी वसूल होतात. महाराष्ट्रानं तो मार्ग घेतला नाही. इथे लोकांनी संस्था काढायची, मान्यता मिळवायची आणि सरकारनं अनुदान द्यायचं. ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशी प्रतवारी, प्रतवारीप्रमाणे पुस्तकसंख्या, सभासदसंख्या, उघडण्याचे तास आणि अनुदान. या रचनेचा फायदा खरा आहे. आज राज्यात अकरा ते बारा हजार मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत आणि ती कुणा खात्याची नाहीत, गावाची आहेत. निवडणुकीत पॅनेलं उभी राहतात, वार्षिक सभेत आवाज चढतो. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची निवडणूक तर शहराच्या राजकारणात गाजते. माणसं ज्या गोष्टीसाठी भांडतात ती त्यांना आपली वाटते, एवढं तरी त्यातून कळतं.

आता तोटा. ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला अनेक वर्षं वर्षाकाठी ३०,००० रुपये अनुदान होतं. ६० टक्के वाढ झाली तेव्हा ते ४८,००० झालं. वर्षाचे ४८,००० म्हणजे महिन्याचे ४,०००. त्यातला निम्मा भाग पगारावर खर्चायचा आणि निम्म्यात पुस्तकं, मासिकं, वीज, भाडं, झाडू. मग ग्रंथपालाच्या हातात महिन्याला काय पडत असेल याचा हिशेब वाचकानं स्वतः करावा. त्या पैशात गावातल्या रोजगार हमीच्या मजुराइतकीही कमाई होत नाही. मग टेबलामागे बसतं कोण? निवृत्त मास्तर, ज्यांना पेन्शन आहे. घरात दुसरी मिळकत असलेली एखादी बाई. किंवा असा एखादा, ज्याला पुस्तकांशिवाय राहवत नाही आणि ज्याच्या घरचे त्याला बोल लावतात. या तिसऱ्या प्रकारच्या माणसांवर महाराष्ट्राची वाचनालयं उभी आहेत. २०१२ साली महसूल खात्यानं राज्यभर पडताळणी केली तेव्हा कागदावर चालणारी वाचनालयंही सापडली. फलक आहे, शिक्के आहेत, कपाट मात्र सरपंचाच्या घरी. त्या प्रकाराची बाजू कुणी घेणार नाही. पण त्यानंतर प्रामाणिक वाचनालयांकडेही चोराच्या नजरेनं पाहिलं गेलं, आणि त्यातून सावरायला फार वर्षं लागली.

दुसरं दुखणं मार्च महिन्याचं. अनुदानाचा हप्ता बऱ्याचदा आर्थिक वर्षाच्या शेवटाकडे येतो. खर्च दाखवायला दिवस थोडे. अशा वेळी विक्रेता संच घेऊन दारात उभा राहतो. ५० टक्के सवलत, बिल तयार, पुस्तकं खोक्यात बांधलेली. त्यात काय असतं? थोर पुरुषांची साठ पानी चरित्रं, एकाच मजकुराला चार वेगवेगळी मुखपृष्ठं, बोधकथा, संक्षिप्त महाभारत, पुन्हा बोधकथा. दाखल नोंदवहीत दोनशे आकडे वाढतात, प्रतवारी सुरक्षित राहते. आणि एप्रिलमध्ये कुणी ‘नवीन काय आलंय?’ म्हणून विचारलं तर ग्रंथपाल खाली मान घालतो. अशा एका कपाटातली पुस्तकं मी स्वतः उघडून पाहिली आहेत. मागच्या पानाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर एकही तारीख नव्हती. दहा वर्षं झाली होती, आतली पानं कोरी करकरीत, उघडताना बांधणी कटकन वाजत होती. वाचक फोनकडे गेला म्हणतात. त्या कपाटाकडे पाहिल्यावर मला वाटलं, हा जाणार नाही तर काय करणार?

ही तारखांची चिठ्ठी हा माझा आवडता दस्तऐवज आहे. परतीच्या तारखेचा रबरी शिक्का, कधी जांभळा, कधी शाई संपत आल्यानं अर्धा. एखाद्या पुस्तकावर चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवून जाड पट्टी झालेली असते. तारखा जवळजवळ असल्या की पुस्तक अंगणात फिरल्यासारखं एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं असं समजायचं. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची चिठ्ठी अशी भरगच्च. त्यांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली आणि समीक्षेनं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पण वाचायची गोडी कुणामुळे लागली असं आज सत्तरीतल्या माणसांना विचारलं तर निम्मे जण आधी इकडेतिकडे पाहतात आणि मग अर्नाळकरांचं नाव घेतात. काही वाचनालयांनी त्यांना दारातून आत घेतलं नव्हतं. ती पोरं मग कोपऱ्यावरच्या खासगी लायब्ररीत दिवसाच्या भाड्यानं पुस्तक आणायला गेली. कोणती करमणूक वाचन म्हणायची आणि कोणती नाही, हा वाद तेव्हाही होता, आणि तेव्हाही वाद घालणाऱ्यांनीच वाचक गमावला.

बायकांच्या वाचनाचा इतिहास तर या चिठ्ठ्यांतही नीट दिसत नाही, कारण कार्ड नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर. पुस्तक बदलायला यायचा शाळकरी मुलगा. ‘आईनं सांगितलंय, रडकं नको, आणि मागच्या वेळचं चालणार नाही.’ ग्रंथपाल एक क्षण विचार करायचा, उठायचा, आणि कपाटातून एक पुस्तक काढून त्याच्या पिशवीत टाकायचा. त्या बाईला तो कधी भेटलेला नसे, पण तिनं काय वाचलंय, काय अर्ध्यात परत पाठवलंय हे त्याला पाठ असे. सोबत मासिकं जात. ‘किर्लोस्कर’ १९२० पासूनचं, ‘स्त्री’ १९३० पासूनचं. दिवाळीत अंकांची वेगळी वर्गणी. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा चालू आहे, आणि आजही अनेक वाचनालयांत वर्षभर न फिरकणारा सभासद दिवाळीनंतर चार महिने न चुकता येतो.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि वाचनालयांच्या अहवालांतून काळजीचा सूर उमटू लागला. प्रत्यक्षात काय झालं? चिं. वि. जोश्यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आले, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आला, रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली. मालिका सुरू झाली की मूळ पुस्तकासाठी नंबर लागत. ज्यांच्याकडे एकच प्रत होती आणि पानं सुटलेली होती त्यांनी ती मुकाट्यानं बांधून घेतली. याच सुमारास ‘ग्रंथाली’ची वाचक चळवळ उभी राहिली. पुस्तकं घेऊन माणसं गावोगाव गेली. ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन १९७८ मध्ये आणि ‘उपरा’ हे भटक्या समाजातलं १९८० मध्ये त्यांनीच काढलं. भिडे वाड्यापाशी जी वाट वेगळी झाली होती ती इथे वाचनालयाच्या कपाटापर्यंत येऊन पोचली. ही पुस्तकं घ्यायची की नाही यावरून काही मंडळांत खडाजंगी झाली असं जुनी माणसं सांगतात. शेवटी घ्यावी लागली, कारण वाचक मागत होते.

आता आजचं. सकाळी सात वाजता कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयात जा. जिन्यावर चपला मावत नाहीत. देवघेवीच्या टेबलाशी कुणी नसतं, पण अभ्यासिका भरलेली. प्लायवूडच्या आडभिंती घातलेली टेबलं, प्रत्येकाच्या डोक्यावर चिकटवलेलं वेळापत्रक, एका कोपऱ्यात चार्जिंगसाठी वायरींचं जाळं. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरती. लक्ष्मीकांत यांचं राज्यव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक तीन रंगांच्या हायलायटरनं रंगवलेलं. ही मुलं वाचनालयाची पुस्तकं मागत नाहीत. ती खुर्ची, पंखा आणि शांतता भाड्यानं घेतात. त्यांच्या महिन्याच्या फीवर कित्येक वाचनालयांचं वीजबिल भागतं.

याला वाचनसंस्कृती म्हणायचं का, असं नाक मुरडून विचारणारे मंडळावरही असतात. मला त्यांचं पटत नाही. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी रोज दहा तास एका जागी बसून छापील मजकुराशी झगडते, हे या संस्थेच्या इतिहासात आजवर घडलं नव्हतं. तिच्या घरात दार लावून बसायला खोली नाही, म्हणून ती इथे येते. प्रश्न एवढाच की तिच्या खुर्चीपासून कपाट वीस फुटांवर आहे आणि तिला त्या कपाटापर्यंत कुणी नेत नाही. एका वाचनालयात ग्रंथपालबाईंनी साधा उपाय केला. अभ्यासिकेच्या दाराशी स्टूल ठेवलं आणि त्यावर रोज एकच पुस्तक, ना नोंद ना चिठ्ठी. जेवणाच्या सुट्टीत चाळा, आवडलं तर न्या. ‘पानिपत’ गेलं, ‘कोसला’ गेलं, एक पाककृतींचं पुस्तकही गेलं आणि ते परत आलं नाही. बाई म्हणाल्या, ‘त्याची मला फार मौज वाटली!’

फोनवर मराठी वाचणं हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर पुढे दोन लेख आहेत, म्हणून इथे एकच गोष्ट नोंदवतो. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरात आली, स्टोरीटेलवर ऐकायची पुस्तकं त्यापुढच्या वर्षी. मागणी होती, मग पुस्तकं इतकी सावकाश का आली? कारण मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं पेजमेकरमध्ये श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत जुळवली गेली. त्या फाइलींमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मग ओळीमागून ओळ पुन्हा तपासायची, म्हणजे मुद्रितशोधनाचा खर्च दुसऱ्यांदा. छोट्या प्रकाशकाला तो झेपत नाही. तोवर कुणीतरी छापील पुस्तकाची वाकडीतिकडी छायाचित्रं काढून त्याची पीडीएफ केलेली असते आणि ती व्हॉट्सअॅपवर फिरू लागते. लेखकाला दमडी मिळत नाही. वाचणारा मात्र अंगठ्यानं पानं सरकवत, अक्षरं मोठी करून, रात्री दीड वाजेपर्यंत ती वाचतो. त्याला चोर म्हणा, पण वाचत नाही असं म्हणू नका.

फोन जे करत नाही ते जतन. यातही कागद फसवतो. जुनं म्हणजे नाजूक असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात १८७० सालचं चिंध्यांपासून केलेल्या कागदावरचं पुस्तक हातात घेतलं तर पान वाकतं, मोडत नाही. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण होतं तेव्हाचं, हलक्या कागदावरचं पुस्तक उघडलं तर कोपरा बिस्किटासारखा हातात येतो. म्हणजे आधी मरणार आहेत ती विसाव्या शतकाच्या मध्यावरची पुस्तकं, आणि स्कॅनिंगच्या योजना मात्र सगळ्यात जुन्या ग्रंथांपासून सुरू होतात. १९५४च्या कायद्यानं प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत ठरलेल्या चार ग्रंथालयांना पाठवणं बंधनकारक आहे. त्यातलं एक मुंबईत आहे. सगळे प्रकाशक ती पाठवत नाहीत. अशा वेळी उरलेली एकमेव प्रत कुठल्यातरी ‘क’ वर्गाच्या वाचनालयात निघते.

आणि मग पाणी येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरात सांगलीचं नगर वाचनालय बुडालं. १८६९ पासूनची संस्था. पूर ओसरल्यावर पुस्तकांचं काय होतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. कागद पाणी पिऊन फुगतो, पुस्तकं कपाटातच एकमेकांना आवळतात आणि लोखंडी दारं उघडत नाहीत. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं वाळता वाळता एकमेकांना चिकटून वीट होते, ती परत सुटत नाहीत. साधा कागद मात्र पानापानात टीपकागद घालून, पंख्याखाली उलटापालटा करून वाचवता येतो, दोन दिवसांत बुरशी धरायच्या आत हात लागले तर. तेवढे हात त्या दोन दिवसांत मिळत नाहीत, कारण ज्यांनी यायचं त्यांचीही घरं पाण्यात असतात.

नव्या प्रयोगांविषयी या पुस्तकात पुष्कळ आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ २००९ साली सुरू झाला. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाला द्यायची आणि ठरावीक काळानं पेट्या आपसांत फिरवायच्या. या पेट्या दुबईपासून टोकियोपर्यंत मराठी मंडळींत पोचल्या आहेत. बडोद्याच्या लाकडी पेटीचं हे शंभर वर्षांनंतरचं रूप, फक्त इथे सरकार नाही आणि पेटीचा खर्च कुणीतरी वाढदिवसाचं निमित्त करून उचलतो. पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं, वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून कल्पना घेऊन. फरक असा की तिकडे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, गाव पुस्तकं विकून जगतं. भिलारमध्ये पुस्तकं घराघरांत वाचायला ठेवली आहेत आणि गाव अजून स्ट्रॉबेरीवरच जगतं. पर्यटक येतात, फोटो काढतात, कुणी दुपारभर वाचत बसतं. मला ते आवडतं. पण भिलारची बातमी जितक्या वेळा छापून आली त्याच्या एक दशांश वेळाही ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाच्या मानधनाची आली नाही, हेही खरं.

लेखकांची मतं माझ्या मतांशी सगळीकडे जुळत नाहीत. एका लेखात अभ्यासिका वेगळ्या इमारतीत काढाव्यात असं म्हटलं आहे, दुसऱ्यात वाचनालयांचं सरळ सरकारीकरण सुचवलं आहे. दोन्ही मला अमान्य आहेत आणि दोन्ही लेख चांगले आहेत.

एक उणीव राहिली आहे. शाळेच्या ग्रंथालयाबद्दल या पुस्तकात जवळजवळ काही नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेचं कपाट, त्याला कुलूप, आणि चावी ज्यांच्याकडे ते गुरुजी निवडणुकीच्या कामावर. पुस्तक हरवलं तर पगारातून वसुली होईल ही भीती इतकी मुरलेली की मुलांच्या हाती पुस्तक न देणं हाच त्यावरचा विमा. दाखल नोंदवही अद्ययावत, तपासणीत शेरा ‘समाधानकारक’, आणि चिठ्ठ्या कोऱ्या. यावर लिहायला आम्ही शिक्षकांना विचारलं. त्यांनी फोनवर तासतासभर सांगितलं, नाव घालून लिहून द्यायला मात्र कुणी तयार झालं नाही. तो विषय निवृत्त झालेल्या एखाद्या मुख्याध्यापकानं हाती घ्यावा. सामग्री आमच्याकडे आहे, मागाल तेव्हा देऊ.